एक लाख शहाऐंशी हजार आणि मूर्तिजापूरची वीट

मार्चमधला दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा. एस्टिमेट एक लाख शहाऐंशी हजार चारशे रुपये, जीएसटी धरून. हजर माणसं तीन: गाडीच्या मालकीणबाई, आमचे जीएम आणि मी. कंपनीचे एरिया इंजिनिअर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हजर होते, म्हणजे त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा हजर होता.

मी अमरावतीला बडनेरा रोडवरच्या एका कार शोरूममध्ये वर्कशॉपचा सर्व्हिस इन्चार्ज आहे. त्याआधी एकोणीस वर्षं ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये होतो. एस्टिमेटखाली माझी सही लागते. सहीच्या वर एक ओळ छापलेली असते: सदर पार्ट तपासून नादुरुस्त आढळला. आमच्या धंद्यात ही ओळ कोणी वाचत नाही. मी वाचतो, म्हणून माझ्या टेबलावर कागद साचतात असं जीएमचं मत आहे.

मालकीणबाई म्हणजे वंदनाताई तायडे. अकोल्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतात, राहतात अमरावतीला. एका बाजूने पंच्याण्णव किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस. पेट्रोलचा हिशेब करून सात महिन्यांपूर्वी त्यांनी आमच्याकडून इलेक्ट्रिक गाडी घेतली, पाच वर्षांच्या हप्त्यांवर. घरी रात्रभर चार्ज करायची, परतीला थोडी रस्त्यात. घरी गाडी निमूट चार्ज व्हायची. रस्त्यावर काही चार्जरवर व्हायची, काहींवर व्हायची नाही. गन, म्हणजे चार्जरच्या केबलचा प्लग, लावली की एक मिनिट दिवा लुकलुकायचा आणि स्क्रीनवर यायचं: संपर्क होऊ शकला नाही.

फेब्रुवारीत एकदा अकोल्याच्या चार्जरने नकार दिला, वाटेतल्या दुसऱ्यानेही दिला. बॅटरी आठ टक्क्यांवर आली. गाडी ट्रकवर चढवून अमरावतीला आणावी लागली. त्याचे चार हजार पाचशे. ताई ट्रकच्या केबिनमध्ये बसून आल्या. कॉलेजातल्या चौघांना त्यांनी हीच गाडी घ्यायला सांगितलं होतं. ते चौघं आता रोज स्टाफरूममध्ये त्यांच्या गाडीची तब्येत विचारत होते.

त्यांनी आधी चार्जर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथे सांगितलं, दोष गाडीत आहे, आणि अॅप काढून पुन्हा टाका. गाडीच्या कंपनीला केला. तिथे सांगितलं, दोष चार्जरमध्ये आहे, आणि अॅप काढून पुन्हा टाका. निदान अॅपच्या बाबतीत दोन्ही कंपन्यांचं एकमत होतं.

पण त्याच चार्जरवर बाकी गाड्या चार्ज होत होत्या. तेव्हा एरिया इंजिनिअरनी निदान बदललं. फास्ट चार्जर गाडीला लगेच वीज देत नाही. आधी दोघं तारेतून एकमेकांशी बोलतात: बॅटरी किती भरली, किती व्होल्ट चालतील, किती करंट घेशील. हे बोलणं जमलं तर वीज सुरू होते. गाडीच्या बाजूने बोलणारं एक कंट्रोल युनिट असतं. ते गेलं, असं त्यांचं म्हणणं. किंमत वर दिली आहे.

"वॉरंटीत बसतं ना?" ताईंनी विचारलं.

कपाळ हललं. गाडीत बाहेरून बसवलेला डॅशकॅम आहे, तेव्हा इलेक्ट्रिकल पार्टची वॉरंटी लागू होत नाही.

ताई शांतपणे म्हणाल्या, "कॅमेरा समोरच्या काचेला आहे. चार्जिंगचा पोर्ट मागच्या चाकावर आहे. मधात संबंध काय आहे, तेवढं लिहून द्या. आमच्या विषयात पुरावा लागतो."

पंख्याचं चित्र तिथेच गोठलं. नेटवर्क गेलं म्हणे. एवढ्या वेळेवर नेटवर्क मी कधी जाताना पाहिलं नव्हतं.

जीएमनी मला बाजूला घेतलं. परतवाड्याच्या एका गाडीचं उदाहरण दिलं. तिला हाच त्रास होता, हेच युनिट बदललं, गाडी ठीक झाली. म्हणजे युनिटच खराब असतं. "सही करा अन् मोकळे व्हा. बाई प्रोफेसर आहेत, पगार आहे त्यांना," असंही म्हणाले. पगार असणं हा गाडीचा कुठला दोष ते मला कळलं नाही. मी म्हटलं, पार्ट तपासल्याशिवाय सही करत नाही. ते म्हणाले, तपासायला पुण्याहून मशीन यावं लागेल, तीन आठवडे. मी म्हटलं, मला एक दिवस द्या.

ताईंना मी अॅपमधली सगळी नोंद मागितली. त्यांनी दिली. मी वहीत तक्ता केला. सार्वजनिक चार्जरवर एकूण चोवीस प्रयत्न, पंधरा यशस्वी, नऊ फेल. जागा सहा. तीन जागांवर तेरापैकी तेरा यशस्वी. उरलेल्या तीन जागांवर अकरापैकी नऊ फेल. युनिट मेलं असतं तर चोवीसच्या चोवीस फेल जायला हवे होते. अर्धमेलं असतं तर कुठेही गेले असते. जागा पाहून रुसणारं कंट्रोल युनिट अजून कोणी बनवलेलं नाही.

फेल जाणाऱ्या तिन्ही जागांत एक गोष्ट सारखी होती. तिन्ही चार्जर रस्त्यावरचे सगळ्यात जुने होते. याचा अर्थ काय, हे मात्र तक्त्यातून निघेना.

बुधवारी सकाळी पावणेसातला मी ताईंच्या गाडीत बसलो. त्या चालवत होत्या. बडनेरा गेल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "इंगोलेसाहेब, खरं सांगा. हे पैसे मला भरावे लागणार आहेत का? भरायचे असतील तर मला गाडी विकावी लागेल. हप्ता आणि हे, दोन्ही नाही जमत. मग पुन्हा एसटी. सात वर्षं केली मी एसटी. करीन."

मी म्हटलं, माहीत नाही. ते खरं उत्तर होतं. दिलासा देण्याचे पैसे मला मिळत नाहीत, न देण्याचेही मिळत नाहीत.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एक ढाबा आहे. आवारात दोन चार्जर, एक नवा, एक जुना. जुना आमच्या फेल यादीत होता. नवा सोडून आम्ही मुद्दाम जुन्यावर गाडी लावली. ताईंनी गन लावली. दिवा लुकलुकला. संपर्क होऊ शकला नाही. पुन्हा लावली. पुन्हा तेच. माझ्याकडे स्कॅनर होता, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या तक्रारी वाचणारं यंत्र. त्यानेही लिहून दिलं: संपर्क होऊ शकला नाही. पस्तीस हजारांचं यंत्र आहे.

ढाब्याचे मालक बनेनवर तवा तापवत होते. साठीचे असावेत. ते तिथूनच म्हणाले, "वीट लावा ना जी."

"काय?"

"वीट. थे काय पडली तिथी." ते हात पुसत आले. चार्जरच्या बुडाशी तीन विटा रचलेल्या होत्या. मला वाटलं होतं बांधकामाच्या उरल्या असतील. त्यांनी जाड केबलखाली एकावर एक विटा ठेवल्या, वरच्या विटेवर केबल टेकवली आणि गन गुडघ्याने वर रेटली. "आता करा सुरू."

ताईंनी सुरू केलं. दिवा लुकलुकला, आणि हिरवा झाला. अठ्ठावीस किलोवॅट. मी घड्याळ लावून चार मिनिटं पाहिलं. आकडा हलला नाही.

"ह्या गनचं तोंड ढिलं झालं," मालक म्हणाले. "केबलचं वजन हाय ना, गन खाली लोंबते. दुसऱ्या गाड्या तरी घेते, काही काही गाड्या बिलकुल नाई घेत. मंग मी वीट देतो."

ताई म्हणाल्या, "काका, मी इथं चार वेळा येऊन गेले. सांगितलं काहून नाही?"

"तुमी उतरता, फोन पाहता, फोनवर भांडता अन् निंगून जाता, बाई. मले इचारलं कोनी?"

म्हणजे बोलणारं युनिट ठणठणीत होतं. बोलणं पोचत नव्हतं, कारण गनचं तोंड आणि गाडीची पिन नीट टेकत नव्हती. नवी गन पिनेला घट्ट धरते. हजारो गाड्यांना लागून लागून जुनी ढिली होते. घरच्या चार्जरला एवढं बोलावंच लागत नाही, त्याचं काम एका साध्या खुणेवर भागतं. तक्ता सुटला. फक्त एक प्रश्न राहिला: त्याच ढिल्या गनवर बाकीच्या गाड्या चार्ज होतात, मग हीच का नाही?

चार्जिंग थांबवलं, गन काढली, गाडी बंद केली. मोबाइलच्या उजेडात पोर्टमध्ये पाहिलं. संपर्काच्या बारीक पिना चांदीसारख्या चकाकायला हव्यात. त्या तपकिरी होत्या. कान साफ करायची कापसाची काडी आत फिरवून काढली. वर काळपट थर आला, धूळ आणि कापसाचे तंतू खाऊन फुगलेला. अकोल्याच्या रस्त्याला जिनिंगच्या दिवसांत हवेत कापूस असतोच, तो कुठेही चिकटतो. पण चिकटायला खाली काहीतरी लागतं.

वास घेतला. तो वास मी एकोणीस वर्षं घेतला आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं टर्मिनल गंजू नये म्हणून त्यावर ग्रीस थापतात. आमच्या भागात टर्मिनलला ग्रीस नाही तो मेकॅनिक नाही.

मी तिथे उकिडवा बसून राहिलो. नवी गाडी ग्राहकाला देण्याआधी एक तपासणी होते. कंपनीच्या छापील यादीत चौसष्ट मुद्दे आहेत. इलेक्ट्रिक गाड्या आल्या तेव्हा ती यादी वाचून मला कंपनीच्या निष्काळजीपणाची कीव आली होती. उघड्या पिना, वऱ्हाडची धूळ, वर पावसाळा, आणि गंजाचा विचार कोणी केलेला नाही. म्हणून मी माझ्या अक्षरात पासष्टावा मुद्दा लिहिला: चार्जिंग पोर्टच्या पिनांना ग्रीस लावणे. खाली सही केली. झेरॉक्स काढून भिंतीवर लावली.

"काय आहे?" ताईंनी विचारलं.

"ग्रीस."

"कोणी लावलं?"

"वर्कशॉपने."

"वर्कशॉपने म्हणजे?"

"मी लावायला सांगितलं होतं."

धूळ म्हणून सांगता आलं असतं. धूळही होतीच. ताईंनी कापसाची काडी माझ्या हातातून घेऊन पाहिली. मग म्हणाल्या, "मग एस्टिमेटवर माझं नाव काहून आहे?"

ढाब्याचे मालक मात्र खूश झाले. "इतके शिकलेले लोक, अन् गाडीले तेल पाजलं," म्हणत चहा ठेवायला गेले.

अकोल्यात पोचल्यावर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा घेतला. हा स्प्रे तेलकटपणा उडवतो आणि स्वतः वाळून जातो. कॉलेजच्या पार्किंगमध्ये अर्धा तास पिना साफ केल्या. संध्याकाळपर्यंत फेल यादीतल्या तिन्ही चार्जरवर गाडी लावली. तीनपैकी तीन यशस्वी, विटेशिवाय.

परतवाड्याचं कोडंही सुटलं. ते युनिट बदलण्याच्या किटमध्ये नवा पोर्टही येतो. नवा पोर्ट म्हणजे कोऱ्या पिना, बिनाग्रीसच्या. पार्ट चांगला होता, बदलला, गाडी सुधारली, आणि आमचं निदान बरोबर ठरलं. चुकीचं निदान बरोबर ठरवायला याहून चांगली पद्धत नाही.

गुरुवारी मी जीएमना सगळं सांगितलं. भिंतीवरचा कागद काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी माझी सही पाहिली, मग माझ्याकडे. "किती गाड्या?"

"एक्केचाळीस."

"आणि तुम्ही त्या बाईंना सांगितलं?"

"सांगितलं."

"कावून सांगितलं?" जीएम नाशिककडचे आहेत. वऱ्हाडी त्यांना फक्त संतापात येते.

मी म्हटलं, बाकी चाळीस जणांनाही सांगावं लागेल. त्यांनी दार लावून घेतलं. दोन दिवसांनी शोरूमवर बॅनर लागला: भव्य मोफत चार्जिंग पोर्ट आरोग्य शिबिर. खाली माझा फोटो, हात जोडलेला. ग्रीसचा उल्लेख नव्हता. मी फोन केलेल्या प्रत्येकाला स्वतः सांगितलं, तेव्हा निम्म्यांनी विचारलं, नाश्ता आहे का. अडतीस गाड्या आल्या. छत्तीसमध्ये ग्रीस निघालं. दोन कोरड्या होत्या, कारण त्या दिवशी आमचा टेक्निशियन ग्रीस लावायला विसरला होता. आमच्या निष्काळजीपणाने वाचवल्या त्या तेवढ्याच दोन. उरलेल्या दोन गाड्यांकडे मी रविवारी जाऊन आलो.

कंपनीच्या एरिया इंजिनिअरनी शिबिराचे फोटो वर पाठवले. विदर्भात ग्राहकसेवेचा आदर्श उपक्रम म्हणून आमच्या वर्कशॉपला प्रमाणपत्र आलं. त्यातही माझं नाव आहे. ते मी भिंतीवर लावलेलं नाही.

या सगळ्यातून मी एकच शिकलो. पार्ट तपासल्याशिवाय सही न करणारा माणूस स्वतःचा सल्ला तपासल्याशिवाय बिनदिक्कत सही करतो. पासष्टावा मुद्दा लिहायच्या आधी मी एका तरी माणसाला विचारायला हवं होतं. मूर्तिजापूरचा ढाबेवालाही चालला असता.

आता खर्च. एस्टिमेट रद्द, वंदनाताईंचं बिल शून्य. कॉन्टॅक्ट क्लीनरचे सोळा डबे वर्कशॉपच्या खात्यातून. बॅनर, मांडव आणि पोहे शोरूमच्या जाहिरात खात्यातून. ट्रकवर गाडी आणल्याचे चार हजार पाचशे कोणत्याच खात्यात बसेनात. कंपनी म्हणाली, डॅशकॅम आहे. ते मी माझ्या पगारातून वंदनाताई तायडे यांना दिले. त्या नको म्हणाल्या नाहीत. पैसे मोजून घेतले आणि पावती लिहून दिली.