हळदीच्या गाण्यात नसलेली नावं

ठाण्याच्या बाळकुम गावातल्या कृतिकाला पियानो भेटला शाळेच्या हॉलमध्ये, पाचवीत. संगीताच्या बाईंनी बोटं बसवून दिली. वाजवायला मात्र मिळालं हळदीच्या मांडवात. सूरजच्या बँड पार्टीत ती सहा वर्षं कीबोर्डवर आहे. पार्टीत मुलगी ती एकटीच. गाणी लिहिते तीच, गातेही तीच.

महिन्यातून एकदा ठाण्यातल्या एका कॅफेत ती स्वतःची गाणी गाते. बाईच्या हक्काची, बाईच्या रागाची. टाळ्या पडतात, पण तिथल्या चाळीस जणांना तिचं म्हणणं आधीच पटलेलं असतं. म्हणून मांडव तिला सोडायचा नव्हता.

आगरी हळदीत घरच्यांची नावं गाण्यात गुंफतात. यजमान चिठ्ठी देतात. गेल्या मे महिन्यात गावातल्याच एका हळदीला नवऱ्यामुलाच्या काकांनी, पंढरीकाकांनी, अठरा नावं दिली. काका, मामा, भाऊ, दोन नगरसेवक.

"काका, बायका कुठेत?"

"जेवणाकडं."

"अहो, चिठ्ठीत! निदान तुमच्या आईचं नाव लिहा."

"आयचं?" काका थबकले. "थांब, आधारकार्ड बगाया लागंल."

सूरजनं तिला बाजूला ओढलं. "तुझा स्त्रीवाद कॅफेत ठेव हां. चिठ्ठीबाहेरचं एक जरी नाव गेलं, तर उद्यापासून कीबोर्डवर दुसरा."

कृतिका मागे गेली. बायका वडे तळत होत्या.

"नावं सांगा तुमची."

"मी हरेशची आय."

"ते नाही हो. तुमचं!"

हशा पिकला. मग काकांची आई, नव्वदीची म्हातारी, बोलली, "ठमा. लग्नात बदलून सुलोचना ठेवलेला. पन हाक कोन मारतंय? दोनी नावा कोरीच ऱ्हायली."

हळद लागली. कृतिकानं अठराच्या अठरा नावं गायली. मग ढोलकी थांबवून एकट्या कीबोर्डवर नवं कडवं धरलं:

"हलद दललेला हात कुनाचा? ठमाचा गो, ठमाचा!"

सूरजचा हात आवाज बंद करायला मिक्सरवर गेला. पंढरीकाका खुर्चीवरून उठले.

"पंढऱ्या, बस खाली!" म्हातारी कडाडली. "माजा नाव चाललाय!"

मांडव हसला. काका बसले. सूरजनं हात मागे घेतला. ढोलकी पुन्हा सुरू झाली, आणि पिठाच्या हातांनी बायका पुढे घुसल्या.

"गो पोरी, तुलसा घे!"

"माजा राहिला, गंगू!"

कृतिका एकेक नाव ओवत गेली. प्रमोदिनीपाशी अडकली. एवढं लांब नाव तालात बसेना.

"प्रमी म्हणू का, काकू?"

"अजिबात नाय! आख्खा घे."

कृतिकानं सूरजकडे पाहिलं. त्यानं कपाळावर हात मारला, आणि ढोलकीवाल्याला ओरडून सांगितलं, "दोन मात्रा वाढव रे! नाव मोठं आहे."