पुतण्याने आज पिकअप बुक केला

मंडळी, आज जरा दमूनच लिहिते आहे. सकाळी पुतण्याबरोबर मी आणि हे कणकवलीच्या शोरूममध्ये गेलो होतो. आमचं मालवणचं मासळीचं काम आता तोच बघतो. त्याला मधल्या मापाचा पिकअप घ्यायचा होता. सध्या हाच सगळ्यात जास्त खपतो, असं तिथला माणूस सांगत होता.

"काकी, किंमत जास्त आसा. घेव काय?" पुतण्याने विचारलं.

मला ऐंशीच्या दशकातले दिवस आठवले. तेव्हा जपानी बनावटीचे मधल्या मापाचे ट्रक नवे आले होते आणि आमच्याकडे जो तो त्यांच्याच मागे होता. ह्यांनीही जुना टेम्पो विकून एक घेतला. गाडी गुणाची होती, घाट सहज चढायची. पण आमची मासळी भरूनही ती अर्धी रिकामीच राहायची आणि एवढी महाग गाडी अर्धी भरून पळवणं परवडेना. मग हे आंबे, कौलं, मिळेल ते भाडं घेऊ लागले. आठवड्यातून एखादा दिवस घरी असायचे. आमची धाकटी लेक चालायला लागली, ते त्यांनी पाहिलंच नाही.

आज शोरूममध्ये हे खुर्चीत कंबर धरून बसले होते. म्हणाले, "गाडी वायट नाय रे. पण घेतलंस तर रोज भरूची लागता."

पुतण्या हसला आणि त्याने सही केली.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर घरातल्या बाईला विचारून सांगा, ती परवडली का?