डाव्या बोटावरची खाच

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला कोणी हसू नये, आणि एखादी ओळ लागली नाही तर सोडून पुढं जावं. मी चौथीपर्यंत शिकली. त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं, म्हणून अक्षर असं उंदीर पळाल्यासारखं झालं आहे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. हे कोणाला दाखवायचंही नाही. तरी लिहिताना कोणी पाठीमागून वाचत आहे असं वाटतं, म्हणून आधीच माफी मागते.

माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटावर, वरच्या पेरावर, एक खाच आहे. सुरीनं कापल्यासारखी नाही. विहिरीच्या काठावर दोर घासून घासून दगडाला पडते तशी. ती दोऱ्यानं पाडली.

क्रोशाची सुई उजव्या हातात असते आणि बघणाऱ्याला वाटतं की सगळं सुईच करते. खरं म्हणजे दोरा डावा हात सांभाळतो. करंगळीला एक वेढा घ्यायचा, मधल्या दोन बोटांखालून दोरा काढायचा आणि या बोटावरून सुईकडे सोडायचा. सुई दोरा ओढते, टाका होतो, दोरा बोटावरून जरासा पुढं सरकतो. पुन्हा ओढ, पुन्हा टाका. लोकर असेल तर बोटाला फारसं कळत नाही. तोरणाचा पांढरा सुती दोरा मात्र बारीक आणि पीळदार असतो.

दुपारी सगळं आवरलं की मी मागच्या दारात बसायची. कूलरची घरघर, गल्लीत कोणी नाही, निंबाच्या सावलीत एक कुत्रं पाय ताणून पडलेलं. थोड्या वेळानं हात आपले आपण चालायचे आणि मी त्यांच्यापासून वेगळी होऊन दूर कुठं तरी जायची. दोरा बोटावरून वाहायचा आणि मला वाटायचं, मी बांधावर बसली आहे आणि पाटाचं पाणी माझ्यावरून संत्र्याच्या झाडांकडे चाललं आहे. झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली, त्यांचा वास इतका दाट की डोळे मिटावे. जागी व्हायची तेव्हा मांडीवर तोरणाचं एक फूल जास्त असायचं. ते मी कधी विणलं, मला ठाऊक नसायचं.

ही झाडं मी मनानं काढलेली नव्हती. ती माझ्या मोठ्या नणंदेच्या काटोलच्या बगीच्यातली होती. मी झोपेतही त्यांच्याच दारात जायची, कारण त्यांचे पैसे माझ्याकडे होते.

मुलीला नर्सिंगला जागा मिळाली तेव्हा फी भरायची होती. ह्यांची कळमेश्वरच्या कारखान्यातली नोकरी मधेच सुटली होती. ताईंनी संत्री विकून आलेले पैसे पिशवीत घालून आणून दिले. कागद नाही, व्याज नाही. 'होतीन तेव्हा दे,' एवढंच म्हणाल्या आणि पुढं कधी तो विषयही काढला नाही. त्यांनी एकदा तरी मागितले असते तर मला सोपं गेलं असतं. त्या आल्या की मी चहा ठेवायला आत जायची ती आतच राहायची. पूर्वी त्या माझी वेणी घालून द्यायच्या. आता त्यांच्या शेजारी बसायलाच होत नव्हतं. ह्यांना नवीन काम लागलं, पण त्यात घर आणि मुलीचं होस्टेलच निघायचं. मी ठरवलं की ताईंचे पैसे माझ्या हातानं फेडायचे. माझ्या हाताला येत होता तो क्रोशा.

इतवारीच्या बाजारात रुखवताचं सामान ठेवणारं एक दुकान आहे. आता लग्नातल्या मुली स्वतः विणत नाहीत. तोरण, ताटावरचे रुमाल, देवाच्या आसनाचा गोल, सगळं विकत घेऊन रुखवतावर मांडतात. दुकानदार दोरा काट्यावर तोलून देतो आणि विणलेलं तोलूनच परत घेतो. वजन कमी भरलं तर मजुरीतून कापतो. म्हणून बिघडलेला दोरा फेकून देता येत नाही.

पहिल्या उन्हाळ्यातच बोट फाटलं. घामानं कातडी मऊ पडायची आणि दोरा आत शिरायचा. मीठ लागलं की डोळ्यांत पाणी, लिंबू पिळायला नको, पीठ भिजवायला नको. मी चिकटपट्टी लावून पाहिली. उन्हानं तिचा डिंक सुटला आणि दोरा त्यालाच चिकटून बसला. सुती चिंधी बांधली तर दोरा तिच्यात अडकायचा, टाका एक घट्ट, एक सैल. खोबरेल लावलं तर रुमालाला तेलकट वास. सासूबाई म्हणाल्या, हळद दाब. पांढऱ्या दोऱ्याशेजारी हळद कशी दाबणार?

मग एका दुपारी मी पाय लांब करून बसली होती. अर्धी जागी, अर्धी त्या पाटाच्या पाण्यात. दोऱ्याचा गुंडा घरंगळून पायापाशी गेला आणि दोरा पायाच्या बोटावरून यायला लागला, जोडव्यावरून. सुई ओढत होती आणि दोरा चांदीवरून असा सरकत होता की त्याला जणू वजनच नाही. मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग एका पायातलं जोडवं काढलं, त्याची तोंडं जरा दाबली आणि हाताच्या त्या बोटात घातलं. खाचेवर बरोबर बसलं.

ते दिवस फार सुखाचे गेले. बोट दुखेना, टाके एकसारखे येऊ लागले. चांदी थंड लागायची. मी एक लांब तोरण धरलं होतं, दाराच्या रुंदीचं, खाली कैऱ्यांची झालर. हे गेलं की ताईंच्या पैशांतला पहिला हप्ता देता येणार होता.

सासूबाई दुपारच्या झोपेतून उठून दारात आल्या, ते माझ्या पायाकडे बघतच.

'एक जोडवं कुठी गेलं वं?'

मी सुई खाली ठेवली.

'इकलं का?' त्यांचा आवाज बारीक झाला. 'माह्या पोरीचे पैसे द्याले जोडवं इकलं काय तू?'

मी हात पुढं केला. त्यांनी आधी बोट पाहिलं, मग पाय पाहिला, मग मांडीवरचं तोरण.

'अवं माय. पायातलं हातात? अन् हे तोरण देवाच्या दाराले लागन ना?'

'दोरा कापते, आई,' मी म्हटलं. 'यानं नाही कापत.'

'मंग आंगठी घाल ना बापा.'

'आंगठी कुठी आहे?'

त्या खाली बसल्या, माझं बोट धरून उजेडात फिरवलं आणि हसायलाच लागल्या. 'तुह्या नवऱ्यानं पाह्यलं तर म्हणन, बायको उलटी उभी राहून राहिली.' मग हसू पुसून म्हणाल्या, 'धुऊन तं घातलं ना?'

'धुतलं, आई.'

'मंग मले नको सांगू. मी काही पाह्यलं नाही.'

देवाला राग आला असेल असं मला वाटत नाही. मी रोज चिंचेनं जोडवं घासून, लख्ख करून घालत होती. चूक झाली ती वेगळीच. चांदी दोऱ्यावर घासली की दोऱ्याला अगदी बारीक काळपट रंग देते. टाक्या-टाक्यानं दिसत नाही. मागच्या दारातल्या सावलीत तर मुळीच नाही. आणि मी स्वप्नात विणणारी.

दुकानात दुकानदारानं तोरण काचेवर पसरलं. वर ट्यूबलाइट होती. एका टोकाला पांढरं शुभ्र, जोडव्याच्या आधीचं. तिथून पुढं सगळं पावसाळी आभाळासारखं.

'बाई, ये क्या है? धुराड्यात बसून विणलं का?'

शेजारी दोन बायका मुलीच्या रुखवताचं घेत होत्या. त्यातली एक म्हणाली, 'राखाडीच चांगला दिसून राहिला, भाऊ. आमच्या व्याह्याच्या तोंडाले मॅच होईन.' सगळे हसले.  मला फक्त म्हणायचं होतं की धुऊन आणते. तेवढं दोन शब्दांचं वाक्य निघालं नाही. त्यानं दोऱ्याची किंमत माझ्या आधीच्या मजुरीतून कापली आणि तोरण माझ्या पिशवीत कोंबलं. चूक त्याची नव्हती. इतवारीतून घरी मी पायीच आली. हातगाड्यांच्या गर्दीत कोणी आपल्याकडे बघत नाही, ते बरं असतं.

साबणात भिजवलं, रिठ्यात उकळलं, उन्हात वाळवलं. सासूबाईंनी स्वतः दोन दिवस त्याच्यामागे घालवले. रंग थोडा उतरला, सगळा नाही उतरला. शेवटी त्यांनी ते आमच्याच स्वयंपाकघराच्या दाराला लावलं आणि माझं जोडवं माझ्या पायात घालून दिलं. मी सुई डब्यात ठेवून दिली. बोट भरत आलं होतं आणि ताईंचे पैसे होते तेवढेच होते. दिवाळीला त्या आल्या तेव्हा मी शेजारणीकडे जाऊन बसली.

थंडीत त्या पुन्हा आल्या, संत्र्याची पिशवी घेऊन. ह्या वेळी मला लपायला मिळालं नाही, कारण सासूबाईंनी मला मागच्या दारात उन्हाला त्यांच्यासमोरच बसवलं आणि आपण आत गेल्या. ताईंनी चपला काढल्या. पायात ते अंगठा वेगळा असलेले नायलॉनचे मोजे होते, चपलेत घालायचे, अंगाच्या रंगाचे. एकाची टाच पार फाटली होती.

'आता फेकाच लागते हा,' म्हणून त्यांनी तो काढून बाजूला ठेवला आणि संत्रं सोलायला घेतलं.

मी त्या मोज्याकडे बघत होती. टाच गेली होती, पण अंगठा नवाकोरा, गुळगुळीत. दोन थेंब पाण्याचे पडले असते तर घरंगळून गेले असते असा.

'ताई,' मी म्हटलं, 'हा मले देता?'

'फाटका मोजा?'

'हो.'

'काहून वं? एकच पाय गारठते का तुहा?'

 त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं आणि मोजाही ठेवला. 'घे. मोठं कोडं आहे बाई तू.'

त्या गेल्यावर मी मोजा धुतला, अंगठा कापला, कड दुमडून टीप घातली आणि बोटात घातला. जरा ढिला होता, म्हणून शिवणीत एक चूण घेतली. दोरा वरून असा गेला की आवाजही नाही. टाकाही घट्ट राहत होता, कारण नायलॉन बोटाला धरून असतो. आधी मी घरच्याच दोऱ्याचा एक रुमाल विणला आणि ट्यूबलाइटखाली नेऊन उलटसुलट पाहिला. पांढरा होता. मग तो घेऊन इतवारीत गेली आणि न बोलता काचेवर ठेवला. दुकानदारानं तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि दोरा तोलायला घेतला.

त्या थंडीनंतर मी पुष्कळ विणलं. लग्नसराई आली आणि गेली, पुन्हा आली. दुपारी दारात बसली की परत ते पाटाचं पाणी यायचं, पण आता मी अधूनमधून डोळे उघडून काम उजेडात धरायची. मोज्याचे अंगठे झिजायचे. ताईंनी फाटके मोजे जपून ठेवायला सुरुवात केली होती. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. सासूबाईंनी सांगितलं असणार. जमतील तसे पैसे मी सासूबाईंच्या हातून काटोलला पाठवायची, आणि दरवेळी निरोप यायचा की घाई काय आहे.

शेवटचे मात्र मी स्वतः घेऊन गेली. एसटीतून उतरून बगीच्यापर्यंत चालत गेली. फुलं नव्हती, फळं होती, हिरवी, लहान. ताई अंगणात खाटेवर बसून तूर निवडत होत्या. मी पैसे त्यांच्या ओटीत ठेवले.

'ठेव ना वं तुह्याजवळ. पोरीले लागतीन.'

'मोजा, ताई.'

'तुह्यावर काय भरोसा नाही मले?'

'मोजा,' मी पुन्हा म्हटलं. कोणाला एकच गोष्ट दोनदा सांगायची माझी ती पहिलीच वेळ असेल.

त्यांनी बोट जिभेला लावलं आणि सावकाश मोजायला लागल्या. मधे एकदा चुकल्या, परत सुरुवात केली. मी खाटेवर, त्यांच्या शेजारी बसली. झाडांतून वारा येत होता आणि तुरीचा बारीक भुसा आमच्या दोघींच्या मांडीवर उडत होता. शेवटची नोट ठेवून त्या म्हणाल्या, 'पुरे आहेत. सगळे फिटले.'