बाळाशिवायचं बाळंतपण

माझं तिसरं बाळंतपण बाळाशिवाय झालं. पहिली दोन माहेरी, जेऊरला, रीतसर मुलांसकट झाली. तिसरं झालं सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये. तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटली होती आणि दोन्ही मुलं पुण्याला कॉलेजात होती. आई आता नाही. आई गेली की लोकांना आपलं लहानपण आठवतं म्हणतात. मला मात्र तो उन्हाळा आठवतो, तव्यावर तापणाऱ्या ओव्याचा वास आठवतो आणि तोंड फिरवून का होईना, पण माझ्या उशाशी बसलेली आई आठवते.

ऑपरेशन होतं छाती लहान करण्याचं आणि पोटाचं लोंबतं कातडं काढून टाकण्याचं. एकाच भुलीत दोन्ही. लोक याला कॉस्मेटिक म्हणतात आणि म्हणताना ओठ जरासे वाकडे करतात. त्यांना म्हणावं, माझी छाती घेऊन सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसभर फळ्यापुढं उभं राहून दाखवा. मी हायस्कूलला गणित शिकवते. खांद्यांवर पट्ट्यांचे असे चर पडले होते की त्यात हरभरा ठेवला तर घरंगळला नसता. छातीखाली घामोळं यायचं, ते दिवाळीपर्यंत मुक्कामाला असायचं. मान दुखायची, पाठ दुखायची, आणि वर्गातली मोठी मुलं प्रमेयापेक्षा दुसरीकडेच जास्त लक्ष द्यायची ते वेगळंच.

पण हे सगळं फक्त पाठीसाठी केलं असं सांगितलं तर ते अर्धवट सांगणं होईल. मला बरं दिसायचं होतं. दोन बाळंतपणांनंतर पोट जे खाली आलं ते काही वर गेलं नाही. पहाटे चालून झालं, भात सोडून झाला, शेजारणीनं सांगितलेला लिंबू-मधाचा काढा पिऊन झाला. साडी नेसली की निऱ्यांवर पोटाचा घोळ येऊन बसायचा. एकदा आरशापुढं उभं राहून दोन्ही हातांनी तो घोळ वर उचलून धरला आणि मला मी दिसले, लग्नाआधीची. तिथंच माझं ठरलं.

नवऱ्याला सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "चहा आणि खिचडी मला येते. बाकीचं बघ." एवढ्या परवानगीवर मी खूश होते. माझं घोडं अडलं ते आईपाशी. तिला फोन केला तर सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "पोरं लग्नाला आली. आता कुणाला दावायचंय?"

मी म्हटलं, "कुणाला नाही गं. मला त्रास होतो."

"त्रास कुणाला न्हाय? देवानं दिल्यालं कापून टाकायचं. लेकरांनी पिलेलं हाय ते. मी येणार न्हाय हां, सांगून ठिवती."

आणि फोन ठेवला. आमच्याकडं बाळंतपण असो नाहीतर आजारपण, लेकीच्या उशाशी आईनं बसायचं असतं. दोन्ही बाळंतपणांत ती माझ्याजवळून हलली नव्हती. ती यायची नाही म्हणाली हे मला भुलीच्या सुईपेक्षा जास्त लागलं. भूल चढताना बाकीच्या बायका देवाचं नाव घेत असतील. मी मनातल्या मनात आईशी भांडत होते.

ऑपरेशन नीट झालं. घरी आले तेव्हा दोन्ही बाजूंना रबरी नळ्या, त्यांच्या टोकाला जखमेतलं पाणी साठायला लिंबाएवढे प्लास्टिकचे फुगे, पोटाला रुंद पट्टा, छातीला वेगळा पट्टा. पोटाचं कातडं ताणून शिवल्यामुळं सरळ उभं राहायचं नाही, कमरेत वाकूनच चालायचं. मी पलंगापासून बाथरूमपर्यंत अशी जायची की नवरा म्हणाला, खाली काही पडलंय का? हसले तर टाके दुखले. त्याला मग हसवायचीच बंदी घातली.

आणि एका सकाळी दारात आई. जेऊरहून पहिल्या गाडीनं आली होती. हातात पिशवी, काखेत जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. माझ्याकडं न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली आणि गाठोडं सोडायला लागली. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा, तुपाचा डबा. म्हणजे बाळंतिणीचा सगळा सरंजाम.

"मामी, हे कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"प्वाट फाडलंय म्हनल्यावर बाळंतीनच की," आई म्हणाली. "जावईबापू, तिला म्हनावं, लाडू खा."

मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. पण ती माझ्याशी बोलत नव्हती. राग तर होता, पण रागापायी कर्तव्य बुडवणाऱ्यातली ती नव्हती. बिचारा नवरा शाळेतल्या शिपायासारखा निरोप इकडून तिकडे करत राहिला. तो ऑफिसला गेला की आई भिंतीशी बोलायची. "अळिवाची खीर हाय. गार व्हायच्या आत खाल्ली तर बरं." मी भिंतीच्या वतीनं "व्हय" म्हणायची.

ते दिवस आठवले की अजून गंमत वाटते आणि जीवही कासावीस होतो. खिडकीला ओला टॉवेल लावलेला, कूलरची घरघर, बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडलेला. ती मला ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्यायची. डोक्यावर तेल थापायची. केस विंचरताना माझं डोकं तिच्या गुडघ्याला टेकायचं आणि ते तसंच राहू द्यायची, काढ म्हणायची नाही. सासरी आल्यापासून मला असं कुणी विंचरलं नव्हतं. पण पट्टा बदलायची वेळ आली की ती तोंड भिंतीकडं करायची. हात पुढं करून पट्ट्याचं टोक द्यायची, नजर मात्र कॅलेंडरवर. माझी एवढीच इच्छा होती, की तिनं एकदा माझ्याकडं नीट बघावं. चांगलं म्हणू नये, पण बघावं.

बाळंतिणीला शेक लागतोच, हे आईच्या लेखी दिवस उजाडण्याइतकं पक्कं होतं. जेऊरला बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी ठेवायची आणि वर मी. इथं फ्लॅटमध्ये पलंगाला खाली कप्पे, त्यात चादरी. शेगडी कुठं ठेवणार? मग तिनं फडक्यात ओव्याची पुरचुंडी बांधली आणि तव्यावर तापवून माझी पाठ शेकायला सुरुवात केली. डॉक्टरांनी शेकाचं काही सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. आईचा शेक म्हणजे औषध थोडंच आहे, असं मला वाटायचं. आणि पाठीला इतकं बरं वाटायचं की रोज दुपारी मी त्या पुरचुंडीची वाटच बघायची.

एका दुपारी कुशीवर पडून पाठ शेकून घेताना माझा डोळा लागला. उठले तर आई माझ्याजवळ उकिडवी बसलेली आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा. तिनं पट्टा वरच्या कडेनं सैल करून टाक्यांच्या वरच्या बाजूला पोटही शेकलं होतं. वारा धरू नये म्हणून. तिथं आता लालभडक चट्टा होता आणि मधोमध टम्म फुगलेला फोड.

"चटका बसला तरी तुला जाग न्हाय आली?" ती थेट माझ्याशी बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"कळलंच नाही गं."

"कळलं न्हाय म्हंजे?"

मी तिथं बोट टेकवलं, दाबलं. आपलंच पोट, पण कुणा दुसऱ्याच्या अंगाला हात लावल्यासारखं वाटत होतं. कातडं उचलून ताणलं की तिथल्या नसा तुटतात, भरून यायला महिनेच्या महिने लागतात, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते कान देऊन ऐकलं होतं आणि आईला सांगायचं मात्र राहिलं होतं, कारण आमच्यात बोलणंच कुठं होतं. आता सांगितलं. ती खालमानेनं ऐकत राहिली. दुपारचा चहा तिनं घेतला नाही. "माज्या हातानं केलं मी," एवढंच दोनदा म्हणाली. मला तिची फार दया आली. 

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर होता म्हणून आईच माझ्याबरोबर रिक्षानं दवाखान्यात आली. आत गेल्या गेल्या, मी तोंड उघडायच्या आत, डॉक्टरीणबाईंपुढं हात जोडून उभी राहिली. "बाई, हिची काय बी चूक न्हाय. मी शेकलं."

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यांनी फोड तपासला, टाके बघितले, मलम लावलं. "टाके सुरक्षित आहेत, आजी. पण आता इथं गरम काही लावायचं नाही. पाठीलाही जपूनच." मग त्यांनी छातीचा पट्टाही सोडला. आईला तोंड फिरवायला तिथं भिंत जवळ नव्हती. ती बघत राहिली. आधी चोरून, मग नीट. माझी छाती, तिच्याखालची लालसर शिवण, सपाट पोट, आणि मधे छोटीशी बेंबी, तिच्याभोवती टाक्यांचं कडं.

"बेंबी बी कापली?" आईनं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"नाही आजी. बेंबी आतून होती तिथंच आहे. वरचं कातडं खाली ओढलं, मग तिच्यासाठी नवीन वाट करून दिली."

"म्हंजे माजीच हाय ती? नाळंची?"

"तुमचीच."

आई पुढं वाकली आणि तिनं एका बोटानं बेंबीच्या कडेला हात लावला, तान्ह्या बाळाची नाळ पडली की नाही बघतात तसा. मला तिथंही काही कळलं नाही. पण मला दिसलं. मी डोळे मिटून घेतले, नाहीतर रडून टाके ताणले असते.

डॉक्टरीणबाई पट्टे बांधून हात धुवायला वळल्या. आई जागची हलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, तिनं फारच हळू विचारलं, "बाई, हे माज्या वयाला हुतं का?"

मला वाटलं बेंबीबद्दलच काही विचारतेय. डॉक्टरीणबाईंना माझ्याआधी समजलं. त्या परत येऊन स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आईला खुर्चीत बसवलं. साखर आहे का, दम लागतो का, हृदयाचं काही झालंय का, सगळं विचारलं. आईचं सगळंच होतं. साखर होती, दम होता, आणि मागच्या वर्षी छातीत दुखून सोलापुरात दवाखान्यात राहिलीही होती. डॉक्टरीणबाईंनी आडवळणानं नाही, सरळ सांगितलं. "एवढी मोठी भूल तुम्हाला झेपणार नाही, आजी. मी करणार नाही. काही वर्षांपूर्वी आला असता तर केलं असतं."

"बरं," आई म्हणाली. बाजारात भाव ऐकून पुढं निघावं तशी उठली. "इचारून ठिवलं आपलं."

आम्ही दोघी रिक्षात बसलो. मग मीच विचारलं, "कधीपासून दुखतं तुझं?"

"काय?"

"पाठ."

"तुज्या येळंपास्नं." ती बाहेर बघत होती. "त्याच्या आदी बी असंल. ध्यानात न्हाय."

"मग कधी बोलली का नाहीस? मला नाही, बाबांना नाही, कुणालाच नाही?"

"त्यात काय बोलायचं? मला वाटलं बाईची पाठ अशीच असती." मग म्हणाली, "तू फोन केलास तवा मला राग कशाचा आला ते मलाच कळंना. लई राग आला. ह्या पोरीला इचारता तरी येतंय, म्हनलं."

विजापूर रोडला लागल्यावर गतिरोधक आले. रिक्षा पहिल्यावर आपटली तशी आईनं डावा हात झटकन माझ्या पोटापुढं आडवा धरला, मला धक्का बसू नये म्हणून. आणि दुसरा हात तिनं पदराखालून स्वतःच्या छातीखाली घातला आणि ते ओझं उचलून धरलं. तो हात मला चांगलाच ओळखीचा होता. एसटीत, बैलगाडीत, लग्नाच्या टेम्पोत, रस्ता खराब लागला की ती अशीच बसायची. आयुष्यभर मला वाटत आलं होतं, आई पदर सावरतेय.