अंगणातला भोर–वेल्हे रस्ता

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझ्या नावावर असली, तरी ती मिळवली आमच्या उत्रोलीच्या ड्रायव्हर मामांनी. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. इतका घड्याळाला बांधलेला आणि माझ्यासाठी त्याच घड्याळाला बिनदिक्कत फसवणारा दुसरा माणूस या डोंगरपट्ट्यात झाला नसेल. आमचं घर पालीला, राजगडाच्या पायथ्याशी, आणि कॉलेज भोरला. मामा वेल्हे–भोर एसटीवर. मी बांधावरून फाट्याकडे धावत येताना दिसलो, की त्यांच्या गाडीला हमखास काहीतरी व्हायचं. ते खाली उतरत, टायरला लाथ मारून बघत, बॉनेट उघडून आत गंभीर चेहऱ्यानं डोकावत. मी दारात चढलो, की गाडी आपोआप बरी व्हायची. कंडक्टर वैतागून म्हणायचे, "मामा, ह्याचं कॉलेज संपंपातुर आपली गाडी काय सुधारायची न्हाई." मामा आरशातून माझ्याकडे बघून म्हणत, "बसा, पदवीधर." मी तेव्हा अकरावीत होतो. पुढे खरोखर पदवीधर झालो, पुण्यात नोकरी लागली, तरी त्यांच्या तोंडून ऐकलेल्या त्या शब्दाइतकं वजन माझ्या प्रमाणपत्रालाही कधी आलं नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र मामांना घरात बसायची जागा सापडेना. भल्या पहाटे उठून, अंघोळ करून, खाकी घालून ते ओट्यावर बसत. सुरुवातीला त्यांनी घरच वेळापत्रकावर घेतलं. "चहा लेट हाय आज," असं ते स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर करत. आत्या आतून म्हणायची, "रस्त्यात पंक्चर झालाय. प्यासिंजरनं दम धरावा." म्हैस गोठ्यातून मागं सरताना ते तिला हातानं इशारे देत. हळूहळू हेही थांबलं. जेवायला बोलावलं तर जेवायचे, नाही बोलावलं तर बसून राहायचे. आत्या फोनवर मला म्हणाली, "डेपोत लावल्याली गाडी असती ना, तसं झालंय बग. हुबं हायत, पर चावी कुनापाशी हाय ते कळंना."

ती चावी सापडली आत्याच्या हाताच्या प्लास्टरमध्ये. न्हाणीघरात पाय घसरून तिचं मनगट मोडलं आणि दारात रांगोळी घालायचं अडलं. ती मामांना म्हणाली, "अवो, सणाचं दार सुनं दिसतंय. चार ठिपकं तरी टाका." मामांनी ओव्हरटेक करण्याआधी बघावं तसं रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं, कुणी येत नाही याची खात्री केली आणि खाली बसले. ठिपके पडले ते दोरी धरल्यासारखे सरळ. आत्या बघतच राहिली. मामा म्हणाले, "जल्मभर पांढऱ्या पट्टीवर नजर ठिवलीया. एवढं तर यील." दुसऱ्या दिवशी कमळ निघालं, त्यानंतर मोर. प्लास्टर निघालं, पण रांगोळीचा डबा काही आत्याला परत मिळाला नाही. गल्लीतल्या माणसांना आयताच विषय मिळाला. "काय मामा, आता हळदीकुंकवाला बी येनार का?" मामा मान वर न करता म्हणत, "बोलावलं तर यीन की. वाण काय देनार, त्ये आदी सांग." बाया मात्र हसल्या नाहीत. त्या कडेला उभ्या राहून नक्षी कशी वळवली ते विचारू लागल्या. मामा पुन्हा जेवू लागले, गप्पा मारू लागले. एकदा मला म्हणाले, "पदवीधर, येवढी वर्सं आखल्याल्या रस्त्यावरनं गाडी नेली. आपल्या मनानं वळान घेता येतं, हे म्हाईतच नव्हतं."

मग दसऱ्याला त्यांनी अख्खा भोर–वेल्हे रस्ता अंगणात उतरवला. पांढरा रंग भाताच्या तुसाच्या राखेचा, डांबर दाखवायला अर्धवट जळलेलं काळं तूस. भोरचा स्टँड, कापूरहोळचा चौक, तिथले ढाबे, धरणाचं निळं पाणी, पालीचा फाटा आणि शेवटी वेल्हे. प्रत्येक वळण जिथल्या तिथे. शेजारच्या अण्णांनी खोडी काढली, "खड्डं न्हाई दाखवलं ते?" मामा म्हणाले, "अंगनात मावंनात."

अडचण तिथून सुरू झाली. हा रस्ता पुसायला मामांचं मन होईना. वारा लागू नये म्हणून त्यांनी त्यावर मच्छरदाणी बांधली. रात्री आत्याला डास फोडून काढत आणि भोर–वेल्हे रस्ता निवांत झोपे. पुढचं दार बंद झालं. पाहुणे, दूधवाला, पोस्टमन, सगळे गोठ्यातून येऊ लागले. मामा ओट्यावर काठी घेऊन कोंबड्या हाकत बसत. जुनी रांगोळी पुसेनात म्हणून नवीला जागा नाही, आणि नवी नाही म्हणून हात रिकामे. मी दिवाळीला गेलो तेव्हा आत्यानं मला गोठ्यातच गाठलं. "येवढं उठून बसल्यालं मानूस. पुन्ना पयल्यासारकं गप झालंय. खाल्लं तर खाल्लं. रांगुळी राखत्यात, पर काडत न्हाईत. तूच सांग काय तरी, तुजं ऐकत्यात." मी मामांजवळ जाऊन बसलो आणि त्यांच्याबरोबर कोंबड्या हाकू लागलो. ज्यांनी मला वाट करून दिली, त्यांना मी कुठलं वळण सांगणार?

त्या संध्याकाळी वसुबारस होती. गल्लीत वासरू असलेली गाय मामांचीच, त्यामुळे साऱ्या बाया ताटं घेऊन अंगणाच्या कडेला येऊन थांबल्या. गाय पुढच्या दारात आणून ओवाळायची, हा रिवाज. मामा म्हणाले, "गोठ्यातच ओवाळा की. गाईला काय कळतंय, म्होरलं दार का मागलं?"

"गाईला न्हाई, पर मला कळतंय," आत्या म्हणाली. "लक्षिमी मागल्या दारानं आनायची व्हय? मग असं करा, तुमच्या नावाची पाटी बी तिकडंच लावा."

बायांमधून कुणीतरी फिसकन हसलं. मामा हसले नाहीत. निरांजनं वाऱ्यानं फडफडत होती, बाया ती हातानं झाकत होत्या. मग मामांनी खाली बसून मच्छरदाणीची एकेक दोरी सोडली, तिची नीट घडी घालून आत्याच्या हातात दिली आणि गोठ्यात जाऊन स्वतः गाय सोडली. तिच्यापुढे उलटं चालत, हातानं इशारे देत त्यांनी तिला भोर स्टँडवरून आत घेतलं. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं घ्या..." गाय समजूतदार. कापूरहोळपर्यंत ती बरीचशी रस्त्यावरून आली. वासराला मात्र एवढं वळण परवडेना. ते धरणातून आडवं उधळलं आणि वेल्ह्यात जाऊन नाचलं. "ग्येलं वेल्हं!" मामा ओरडले आणि मोठ्यानं हसत सुटले. हसता हसता डोळे पुसायला लागले. मला म्हणाले, "रोज रातच्याला गाडी डेपोत लावायचो. रस्ता कदी घरी आनला न्हवता. आत्ताच कशापायी आनून ठिवला?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला खराट्याच्या आवाजानं जाग आली. बाहेर आलो, तर अंगणात ओला सडा पडला होता आणि मामा चिमटीत रांगोळी घेऊन बसले होते. काय काढायचं ते अजून ठरलं नव्हतं. ते नुसते त्या कोऱ्या अंगणाकडे बघत होते. पुण्याला परतल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. फोनवर त्यांच्याशी असं बोलायला मला जमत नाही.

तीर्थस्वरूप मामांस, साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोचलो. दसऱ्यानंतर आत्यानं तुमच्या रस्त्याचा फोटो काढून मला पाठवला होता. तो मोठा करून तुम्हाला पाठवावा म्हणून दुकानापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. तो भिंतीवर लागला, तर तुम्ही पुन्हा त्याच्यापुढे बसून राहाल, अशी भीती वाटली. मोबाईलमधून मात्र तो अजून काढलेला नाही. कधी फार एकटं वाटलं, की बघतो. माझं शिक्षण पुष्कळ झालं, पण हे पुसणं शिकायला अजून वेळ लागेल. आत्याला नमस्कार सांगा. आणि आज सकाळी दारात काय काढलंत, तेवढं कळवा.

आपला,
पदवीधर