सिंकमध्ये गेलेलं माहेरचं बी

काकूच्या टोमॅटोला देखणा म्हणणारा माणूस एकतर काकू असते, नाहीतर काकूच्या घरी जेवायला बसलेला असतो. रंग धड लाल नाही, धड गुलाबी नाही. अंगाला वळ्या, देठाशी भेगा, आणि आकार असा की कुणीतरी त्याच्यावर बसून नुकतंच उठलंय. पण चिरून, मीठ लावून एक फोड तोंडात टाकली की बाजारातला टोमॅटो म्हणजे नुसतं रंगवलेलं पाणी वाटतं.

काकू शिवणकाम करते. रस्त्याकडच्या खोलीत तिचं मशीन, आतल्या खोलीत काका आणि मागे अंगण. तिच्या लेखी महत्त्वाचा क्रम आधी अंगण, मग मशीन, आणि वेळ उरला तर काका. काकांची तक्रार नसते. ते प्लंबर. सगळ्या गल्लीचे तुंबलेले पाइप मोकळे करून दमून घरी येतात आणि तक्रार करायच्या आत झोपतात.

हे टोमॅटो काकूच्या आईचे. लग्नात आईने दिलेली भांडी ठोकून ठोकून सपाट झाली, कपडे विरले, आईही गेली. राहिलं ते हे बी. दरवर्षी काकू एक फळ बियांसाठी राखायची, ते झाडावर मऊ पडेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. फुलोऱ्याला मलमलच्या पिशव्या बांधायची, म्हणजे शेजारच्या मास्तरांच्या टोमॅटोच्या झाडांवरची माशी परागकण घेऊन इकडे यायला नको.

मास्तर कुंपणावरून म्हणायचे, “काय वहिनी, फुलांना टोपडी? सर्दी होते वाटतं?”

“तुमच्या झाडांची संगत लागू नये म्हणून,” काकू तोंडातली टाचणी न काढता सांगायची.

गेल्या वर्षी काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बी धरायचं राहिलं. या वर्षी डब्याच्या तळाशी उरलेल्या जुन्या बिया तिने पेरल्या, त्यातली एकच उगवली. एकुलत्या एका नातवाचेही इतके लाड होत नसतील. त्या झाडाच्या पिशवीतलं एक फळ तिने बियांसाठी ठेवलं, बाकीची आम्ही गल्लीतल्यांनी चाटूनपुसून खाल्ली. मोसम संपला, झाड वाळलं. आता काकूच्या आईचे टोमॅटो जगात होते कुठे, तर त्या एका फळात.

टोमॅटोचं बी काढायची रीत मात्र सोवळ्यातली नाही. गर आणि बिया वाटीत काढायच्या, थोडं पाणी घालायचं आणि कुजू द्यायचं. वर पांढरी बुरशी धरते, वास असा सुटतो की पाहुणे परस्पर घरी जातात. मग बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो, भरीव बी तळाशी बसतं. ते धुऊन वाळवायचं.

ही वाटी काकूने सिंकच्या कडेला ताटलीखाली झाकून ठेवली आणि काकांना बजावलं, “अहो, वाटीला हात लावायचा नाही.”

काका “हं” म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवऱ्याचं “हं” म्हणजे ऐकल्याची पावती असते असं काकू अजून समजते, हा तिचा भोळेपणा.

एका दुपारी काकू गिऱ्हाइकाकडे कोट पोचवायला गेली. जन्मभर लोकांच्या गटारात हात घालणाऱ्या काकांना स्वतःच्या घरात मात्र कसलाही वास खपत नाही. नाकाच्या मागाने ते सिंकपाशी आले, ताटली उचलली, “बाप रे!” म्हणाले आणि वाटी सिंकमध्ये रिकामी केली. घासून लख्ख केली, पालथी घातली. शिवाय व्यवसायाची सवय, पाइप साफ राहावा म्हणून वरून ओतायला पाणी उकळत ठेवलं.

मी तेव्हा शिवायला टाकलेली पँट न्यायला आलो होतो. मागोमाग काकू आली. तिने आधी पालथी वाटी बघितली, मग उकळतं पाणी, मग काका.

“ओतलं?”

“वाटी? हो. अगं, पार नासलं होतं ते!”

“पाणी! उकळतं पाणी ओतलं का?”

“ते आता ओततोय.”

“हात लावाल तर याद राखा!” काकूने गॅस बंद केला. काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला, आणि त्या उजेडात ते फारच केविलवाणे दिसले.

“मी उद्या रोपवाटिकेत जाऊन बघतो,” ते पुटपुटले.

“काय बघता? माझ्या आईने तिथे दुकान टाकलंय?”

मी म्हटलं, “काकू, एव्हाना ते वाहून गेलं असेल.”

“भरीव बी तळाला बसतं,” काकू म्हणाली. “अहो, या सिंकला तळ कुठे असतो?”

काकांनी सिंकखाली बोट दाखवलं. तिथे बाटलीसारखा ट्रॅप होता. जड कचरा पुढे न जाता त्यातच साचतो. पण दिव्याखाली अंधार! गल्लीतला प्रत्येक ट्रॅप उघडणाऱ्या काकांनी घरचा कधी उघडलाच नव्हता. झाकण चिकटून बसलं होतं. काकांनी पाना लावला, देवाला हाका मारल्या, शेवटी म्हणाले, “तुटेल गं.”

“सरका.” डॉक्टरांनी काकूला जमिनीवर बसायची बंदी केली आहे. ती बसली. जाड जीन्सचा तुकडा झाकणाभोवती गुंडाळला, दोन्ही हातांनी धरला आणि ओठ चावून पीळ दिला. झाकण हललं. ट्रॅप बादलीत रिकामा झाला आणि मी खिडकीकडे पळालो.

काकूने तो काळा गाळ मलमलवर ओतून धुतला. चहाचा चोथा, केस, कांद्याच्या साली आणि बिया! बऱ्याच बिया. काका हसले. काकू हसली नाही.

“सकाळी बाजारातले टोमॅटो चिरून फळी इथेच धुतली मी. यात माझ्या कुठल्या आणि बाजारच्या कुठल्या?”

मी चार बिया तळहातावर घेऊन निरखल्या. चेहरे सगळ्यांचे सारखे.

“सगळ्या पेरायच्या,” ती म्हणाली. “आईच्या टोमॅटोचं पान बटाट्याच्या पानासारखं सपाट कडेचं असतं, बाजारच्याचं दातेरी. पान आलं की कळेल.”

काकूने अंगणातल्या कुंड्या, डबे, फुटके टब, काकांची अवजारांची पेटीसुद्धा मातीने भरली. काका अवजारं पिशवीत घालून कामाला जायला लागले. रोपं उगवली. पानं आली. दातेरी. दातेरी. पुन्हा दातेरी. काकू चष्मा लावून वाकायची, गुडघा धरून उठायची, पुढच्या डब्याशी वाकायची. काका लांबून तिच्या पाठीवरून निकाल वाचायचे.

एका सकाळी ती वाकली ती उठेचना. काका घाबरून धावले. “गुडघा?”

“पान,” काकू म्हणाली.

सपाट कडेचं होतं. शोधल्यावर आणखी काही निघाली. काकांना वाटलं, आता ही रोपं कुलपात जाणार. पण काकूने अंगणापुरती दोनच ठेवली आणि बाकीची वाटायला काढली.

“इतक्या कष्टाने मिळवलीस, आणि देतेस?”

“एकाच घरात ठेवली म्हणून ही वेळ आली. आता एका सिंकने संपायची नाहीत.”

एक रोप मास्तरांना मिळालं, आधी त्यांच्याकडची बाकी झाडं लांब हलवायच्या अटीवर. मास्तरांनी निमूट हलवली. एक माझ्या गॅलरीत आहे. तेव्हापासून काकू सकाळी आमच्याकडे येते, मातीत बोट खुपसून ओल बघते, पानं उलटी करून कीड शोधते आणि परत जाते. आमच्यापैकी कुणी आजारी आहे का, हे ती अजून विचारत नाही.