भावाची बाजू

चौसाळ्याला हायवेच्या कडेला एका वेल्डरचं दुकान आहे. मी त्याला एकदाच भेटलो आणि नाव विचारायचं राहूनच गेलं. टेम्पोवाल्यानं आणि मी मिळून माझा जनरेटर त्याच्या दुकानापुढं उतरवला. मी म्हटलं, "चाचा, हे चालत न्हाई."

त्यानं काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि दोरी ओढली. जनरेटर धडधडायला लागला.

"चालतंय की बे!"

"तसं न्हाई. जाग्यावरनं हलत न्हाई. चाकं बसवा."

त्यानं जनरेटर बंद केला. बोटांनी पत्र्यावर टकटक करत भोवती एक फेरी मारली.

"आजवर कावून लागली न्हाईत चाकं?"

"मी आन् भाऊ मिळून उचलायचो. आमचा मंडपाचा धंदा हाय. भाऊ आता पुण्याला गेलाय."

"भाऊ कोन्ती बाजू धरायचा?"

मी गोंधळलो. चाकांचा आणि त्याचा काय संबंध? तरी माझा हात इंजिनाकडं गेला. जड बाजू तीच.

चहा पिऊन परत आलो तर नेमकी त्याच बाजूला दोन चाकं होती. दुसऱ्या टोकाला धरायला दांडा.

"चारी पायांना न्हाई लावली?"

"तुझी बाजू तुलाच उचलावी लागंल."

तो थट्टा करत होता की समजूत काढत होता, मला अजून कळलेलं नाही. मंडपाकडं जनरेटर ओढताना चढ आला, की मी मागं न बघताच म्हणतो, "हळू रे."